कृष्णेच्या वाळवंटातले ऑलिंपिया

१९६४ सालच्या मे महिन्यात आम्ही सुटीला आजोळी गेलो, तेव्हा आमच्या पिशवीत पुठ्ठा गळालेले एक जुने पुस्तक होते. ग्रीक लोकांच्या खेळांवरचे ते पुस्तक शाळेच्या कपाटातून आम्ही वाचायला म्हणून आणले होते आणि पुढे ते परत करायचे राहून गेले, हेही येथेच कबूल करून टाकतो. आजोळ कऱ्हाडपासून थोड्या अंतरावर, कृष्णेच्या काठी. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, आणि पुस्तकातल्या नकाशात ऑलिंपियाही दोन नद्यांच्या संगमावर दाखविलेले होते. आल्फिअस आणि क्लाडेऑस ही त्या नद्यांची नावे. तेवढ्या साम्यावर आमची खात्री पटली की ऑलिंपियाचे खेळ भरवायला देवाने दुसरी जागा म्हणून कोठे नेमली असेल तर ती हीच.

त्या टापूत अशा कल्पनेला रान मोकळेच होते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत ब्राँझपदक मिळवून आले होते, आणि गावातला लंगोट लावणारा प्रत्येक पोरगा स्वतःला त्यांचा पट्टशिष्य समजत होता. शिवाय त्या वर्षी मामांकडे मुंज होती. घरात पाहुण्यांची पोरे भरलेली, वडील माणसे कामात, आणि आमच्याकडे पाहायला कोणालाही फुरसद नाही. एवढा सुयोग खुद्द ग्रीकांनाही लाभला नसेल.

प्रथम धावपट्टी आखायची होती. पुस्तकात लिहिले होते की ग्रीकांची शर्यत सहाशे पावलांची, आणि ते पाऊल म्हणजे हेराक्लीस या महाबली वीराचे पाऊल. आमच्यात हेराक्लीस म्हणजे थोरला मामेभाऊ. त्याने टाचेला अंगठा लावीत वाळूवर सहाशे पावले मोजली आणि दीडशे यार्डांच्या आसपास पट्टी निघाली. पुढे कळले की ऑलिंपियाची पट्टी १९२ मीटर २७ सेंटिमीटर भरते, म्हणजे तो मूळ हेराक्लीस आमच्या भावापेक्षा बराच धिप्पाड असला पाहिजे. गंमत अशी की डेल्फी येथील पट्टीही सहाशे पावलांचीच, पण ती भरते १७७ मीटरांच्या आसपास. गावागणिक पाऊल निराळे! ऑलिंपियाची पट्टी इतरांहून किती लांब आहे यावरून हेराक्लीसची उंची पायथागोरसने गणिताने काढली होती, अशी एक कथा जुन्या ग्रंथांत आहे. त्या मानाने आमचा उद्योग साधाच म्हटला पाहिजे.

पट्टी सरळ होती आणि सरळच असावी लागते, हे आम्ही नकळत बरोबर केले. आजच्या मैदानासारखे लंबगोल फेरे ग्रीकांना ठाऊक नव्हते. पट्टीच्या दोन्ही टोकांना दगडी उंबरे बसविलेले असत आणि त्यांत पायाची बोटे रोवण्यासाठी दोन समांतर खाचा कोरलेल्या असत. धावणारा त्या खाचांत बोटे रोवून, हात पुढे करून जवळजवळ उभाच राहत असे. इशाऱ्याच्या आधी जो निघेल त्याला चाबकाचे फटके मिळत. इसवी सनापूर्वी ७७६ हे परंपरेने मानलेले पहिले वर्ष. तेव्हापासून पहिल्या तेरा ऑलिंपियांत म्हणजे अर्धशतकभर ही एकच शर्यत होती, असे ग्रीकांचे स्वतःचे म्हणणे. मग ७२४ मध्ये जाऊन-येऊन धावण्याची शर्यत आली, ७२० मध्ये लांब पल्ल्याची, ७०८ मध्ये मल्लयुद्ध आणि पंचक्रीडा, पुढे मुष्टियुद्ध, रथ आणि घोडे. ही यादी एलिसच्या हिप्पिअस नावाच्या विद्वानाने इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास जुळविली. तिचे जुने भाग कितपत विश्वसनीय आहेत याविषयी संशोधकांना शंका आहेत आणि त्या रास्त आहेत. आमच्या पुस्तकाला मात्र कसलीच शंका नव्हती.

उडीच्या प्रकरणी आम्ही खरे संकटात आलो. ग्रीक लोक लांब उडी मारताना दोन्ही हातांत वजने धरीत. दगडाची किंवा शिशाची अशी वजने उत्खननांत पुष्कळ सापडली आहेत, त्यांतली कित्येक किलो-दोन किलोची, काही त्याहून जड. आम्ही स्वयंपाकघरातून दोन वरवंटे पळविले. पुस्तकात असेही होते की उडीच्या वेळी बासरी वाजवीत. बासरी कोठून आणावी? पण मुंजीचे वाजंत्री आदल्या दिवशीच येऊन पडवीत विडी ओढीत बसले होते. त्यांतला सनईवाला पानसुपारीच्या बोलीवर नदीवर आला. आमच्या मनात हळहळ होती की बासरी मिळाली नाही. आज सांगायला बरे वाटते की त्या सनईवाल्याइतके अस्सल ग्रीक आमच्या खेळांत दुसरे काही नव्हते. ग्रीकांचे ते वाद्य, ऑलॉस, बासरी नव्हेच. ते जिभाळीचे, फुंकरीने गाल फुगविणारे, सनईच्या जातीचे जोडवाद्य होते. बासरी ही भाषांतरकारांची चूक आणि ती पिढ्यान्पिढ्या छापली गेली.

वरवंटे घेऊन मारलेल्या उडीने काय साधते ते आम्हांला नीट कळले नाही. पळत येऊन मारली तर हात मागे ओढले जात आणि आम्ही तोंडावर पडत होतो. उभ्या जागेवरून हात झुलवून मारली तर मात्र थोडे अंतर वाढल्यासारखे वाटे. याच प्रश्नावर विद्वानांनीही बराच काळ डोके शिणविले आहे. कारण क्रोटॉनच्या फायलॉसने ५५ फूट उडी मारली असे एक जुने वचन आहे. हा फायलॉस काल्पनिक पुरुष नव्हे. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये सलामिसच्या आरमारी लढाईत तो एका जहाजाचा नायक म्हणून उतरला होता, असे हिरोडोटस सांगतो. पण १९९१ साली टोकियोत माइक पॉवेलने केलेला जागतिक विक्रम ८ मीटर ९५ सेंटिमीटर, म्हणजे तीस फुटांच्याही आत आहे. तेव्हा एक तर ग्रीकांची उडी एक नसून लागोपाठ पाच असली पाहिजे, नाही तर ते वचन म्हणजे थट्टा असली पाहिजे. आमचा कल पहिल्या बाजूला आहे, कारण सनईच्या तालावर एकामागून एक उड्या घेणे जमते, हे आम्ही केलेले आहे. एवढे झाल्यावर एक वरवंटा दगडावर आपटून दुभंगला. आजीने त्याबद्दल काय केले ते सांगण्याची आवश्यकता नाही.

मशालीचे प्रकरण याहून वाईट. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मशाल घेऊन धावणाऱ्या तरुणाचे चित्र होते. आम्ही पलिता पेटवून देवळापासून नदीपर्यंत धावलो आणि वाटेत मामांच्या कडब्याच्या गंजीने पेट घेतला. गडीमाणसे धावली म्हणून अर्धी गंजी वाचली. ज्या पवित्र विधीपायी आम्ही मार खाल्ला तो ऑलिंपियाचा नव्हताच, हे पुष्कळ वर्षांनी वाचले तेव्हा आमची मुद्रा पाहण्यासारखी झाली असेल. मशालीची शर्यत अथेन्समध्ये होती, ऑलिंपियाच्या खेळांत नव्हती. ऑलिंपियाहून ज्योत पेटवून ती धावत नेण्याचा प्रघात १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासूनचा. त्यामागे कार्ल डीम याची योजना आणि नाझी राजवटीचा डामडौल होता. मॅरेथॉनही तशीच. ती १८९६ साली अथेन्समध्ये प्रथम धावली गेली. प्राचीन ग्रीकांच्या कोणत्याही महोत्सवात अशी शर्यत नव्हती.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हा विषय निवडला तिच्याकडे येतो. मुख्य शर्यतीच्या दिवशी धावायला दोघे जण आणखी आले. एक आमची मामेबहीण, वय दहा. दुसरा, मुंजीसाठी आलेल्या आचाऱ्याचा मुलगा. तो बापाच्या हाताखाली भाजी चिरायला, पाणी भरायला आला होता आणि दुपारी मोकळा असे. आम्ही पुस्तक उघडून दोघांनाही नियम वाचून दाखविला: ऑलिंपियात फक्त स्वतंत्र कुळातले ग्रीक पुरुष भाग घेत, स्त्रियांना आणि दासांना मज्जाव. बहीण भांडली आणि रडत घरी गेली. आचाऱ्याचा पोरगा काही बोलला नाही. आम्ही कोरड्या वाळूत आखलेल्या पट्टीवर धावलो, तेव्हा तो पाण्याकडेच्या ओल्या वाळूवरून आमच्या बरोबरीने धावला आणि आम्हां सगळ्यांच्या पुष्कळ आधी टोकाला पोहोचला. आम्ही सांगितले की हे धरले जाणार नाही. तो हसला आणि कळशी भरून घेऊन गेला. कण्हेरीच्या पानांचा मुकुट थोरल्या भावाला मिळाला.

नियम आम्ही बनविला नव्हता, छापील पुस्तकातला होता, हे समाधान आम्हांला बरीच वर्षे पुरले. पुढे मूळ साधनांची भाषांतरे वाचण्याचा योग आला, तेव्हा ७७६ चा पहिला विजेता, एलिसचा कोरोइबोस, याच्याविषयी एक ओळ आढळली. इसवी सन २०० च्या सुमारास लिहिणाऱ्या अथेनिअसने नोंद केली आहे की कोरोइबोस हा आचारी होता. ग्रीक शब्दाचा अर्थ यज्ञाचा पशू कापणारा आणि रांधणारा असा दुहेरी आहे. घटनेनंतर जवळजवळ हजार वर्षांनी लिहिलेल्या वाक्यावर किती भार टाकावा हा प्रश्न आहेच. तरी ऑलिंपियाचा पहिला मानकरी आचारी होता असे खुद्द ग्रीकांत सांगितले जात होते आणि त्यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते, इतके निश्चित. आरिस्टॉटलही एका विजेत्याचा उल्लेख करतो, तो आधी आर्गॉसहून टेगिआला खांद्यावरून मासळी वाहून नेत असे. कॅरिस्टॉसचा मुष्टियोद्धा ग्लाउकॉस हा शेतकऱ्याचा पोर. नांगराचा निखळलेला फाळ त्याने हातोड्याऐवजी मुठीने ठोकून बसविला आणि ते पाहून बापाने त्याला ऑलिंपियाला नेले, ही पॉसॅनिअसने दिलेली कथा. दासांना मज्जाव होता हे खरे, आणि त्याचे समर्थन कोणी करू नये. पण आचाऱ्याला मज्जाव नव्हता. तो आमचा होता.

उलट कुळाचा नियम राजांसाठी कसा ताणला जाई तेही पाहण्यासारखे आहे. मॅसिडोनियाचा पहिला अलेक्झांडर धावायला आला तेव्हा हा ग्रीक नाही अशी तक्रार झाली. आपले घराणे मूळ आर्गॉसचे, असे त्याने पटवून दिले आणि पंचांनी ते मान्य केले. रोमचा सम्राट नीरो याच्यासाठी तर इसवी सन ६५ चे खेळ ६७ पर्यंत पुढे ढकलले. तो दहा घोड्यांच्या रथातून खाली पडला, शर्यत पुरी करू शकला नाही, आणि तरीही विजयी ठरला. तो मेल्यावर ते नाव यादीतून खोडण्यात आले.

बहिणीच्या बाबतीतही आमचे पुस्तक अर्धेच बोलले होते. विवाहित स्त्री खेळांच्या काळात तेथे सापडली तर तिला टिपाइऑन डोंगराच्या कड्यावरून लोटावे असा नियम पॉसॅनिअस देतो. पण कुमारिकांना पाहायला मनाई नव्हती, असेही तोच म्हणतो. डिमीटर देवीची पुजारीण तर मैदानातल्या संगमरवरी वेदीवर बसून खेळ पाहत असे. ऱ्होड्सच्या डायागोरस या नामांकित मुष्टियोद्ध्याची मुलगी मुलाची शिक्षक म्हणून पुरुषवेषात आली, मुलगा जिंकताच आनंदाने कठडा ओलांडताना उघडी पडली, आणि बाप, भाऊ, मुलगा सगळेच ऑलिंपियाचे विजेते म्हणून तिला सोडून दिले. तेव्हापासून शिक्षकांनीही खेळाडूंप्रमाणे विवस्त्रच आले पाहिजे असा दंडक पडला. व्यायामशाळेला ग्रीकांनी जो शब्द दिला, ज्यावरून इंग्रजीत जिम्नॅशियम आले, त्याच्या मुळाशी ‘विवस्त्र’ हाच अर्थ आहे. आपल्या जिमखान्यांच्या चिटणिसांना हे ठाऊक नसते म्हणून बरे.

आणि त्याच मैदानात, हेरा देवीच्या उत्सवात, मुलींच्या शर्यती होत. वयाप्रमाणे तीन गट, केस मोकळे, गुडघ्यापर्यंतचा अंगरखा, उजवा खांदा उघडा, आणि पट्टी पुरुषांच्या पट्टीपेक्षा एक षष्ठांश आखूड. जिंकणारीला ऑलिव्हचा मुकुट आणि देवीपुढच्या गाईच्या मांसाचा वाटा मिळे. सोळा स्त्रिया मिळून ही व्यवस्था पाहत. पुढे इसवी सनापूर्वी ३९६ आणि ३९२ मध्ये स्पार्टाची राजकन्या किनिस्का हिच्या घोड्यांनी रथाची शर्यत जिंकली. रथात नव्हे तर मालकाच्या डोक्यावर मुकुट चढत असल्याने ऑलिंपियाच्या विजेत्यांत स्त्रीचे नाव लागले. तिच्या पुतळ्याच्या दगडी बैठकीवरचा लेख सापडलेला आहे. एवढा सगळा मजकूर आमच्या पुस्तकाने गाळला होता, आणि आम्ही एका दहा वर्षांच्या मुलीला त्याच्या भरवशावर घालवून दिले होते.

पुस्तकाने आणखी एक गोष्ट आमच्या मनावर फार ठसविली होती. ग्रीक खेळाडू पैशासाठी खेळत नसत, पानांच्या मुकुटावर संतुष्ट असत. मुकुटाची गोष्ट खरी आहे. रानऑलिव्हच्या एका पवित्र झाडाच्या फांद्या, आईबाप दोघेही हयात असलेला मुलगा सोन्याच्या कोयत्याने कापून आणी. पण मुकुट घेऊन घरी आल्यावर काय होई? सोलोनच्या कायद्याप्रमाणे अथेन्सच्या ऑलिंपिक विजेत्याला ५०० द्राख्मा मिळत आणि पुढे त्याला सरकारी पंक्तीचे जेवण जन्मभर असे. अथेन्सच्या स्वतःच्या उत्सवात बक्षीस म्हणून तेलाचे रांजण देत. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या शिलालेखात केवळ मुलांच्या धावण्याच्या पहिल्या बक्षिसापुढे पन्नास रांजण लिहिले आहेत. एवढे तेल घरी जाळायला कोणी नेत नाही, विकायलाच नेतो.

हौशी खेळाडूची कल्पना ग्रीसमधली नव्हे, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधली. ज्याला पोटासाठी हात राबवावे लागत नाहीत असा सद्गृहस्थच खेळायला योग्य, असा तिचा मूळ आशय. १८९४ साली पॅरिसमध्ये कूबर्तँ यांच्या पुढाकाराने ऑलिंपिकचे पुनरुज्जीवन ठरले तेव्हा ती कल्पना ग्रीकांच्या नावावर चढली, आणि पुढील विद्वानांनी तिला पुरावे शोधून दिले. डेव्हिड यंग या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ साली ग्रंथ लिहून ही सारी उभारणी मोडून काढली. तोपर्यंत तिने पुष्कळांचे वाटोळे केले होते. जिम थॉर्प या आदिवासी अमेरिकन खेळाडूची १९१२ ची दोन सुवर्णपदके पुढच्याच वर्षी काढून घेतली, कारण काय तर त्याने पूर्वी किरकोळ पैशावर बेसबॉल खेळले होते. १९८२ साली त्याला संयुक्त विजेता मानले आणि एकट्याचा विजय मान्य व्हायला २०२२ साल उजाडले. तो १९५३ मध्येच वारला होता. खाशाबांना हेलसिंकीला पाठविताना कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकले होते. पानांच्या मुकुटावर पोट भरते असे मानणाऱ्यांनी ते गहाणखत एकदा वाचावयास हवे होते.

कुस्तीबद्दल बोलायचे तर ग्रीकांची कुस्ती आपल्या तालमीतल्या माणसाला परकी वाटणार नाही. अंगाला तेल, त्यावर माती, वजनाचे गट नाहीत. पाठ किंवा खांदा जमिनीला टेकला की एक पाडाव, आणि तीन पाडावांनी जय. क्रोटॉनचा मायलो सहा वेळा ऑलिंपियात विजयी झाला, त्यांतला पहिला विजय बालगटातला. पण पँक्रॅशन नावाच्या प्रकारात चावणे आणि डोळे फोडणे एवढेच वर्ज्य होते. ५६४ मध्ये अर्हाकिऑन नावाचा मल्ल गळा आवळला जात असता प्रतिपक्ष्याच्या पायाचे बोट मोडून मेला. त्या वेदनेने प्रतिपक्ष्याने हार मानली आणि मुकुट प्रेताला मिळाला. हे वाचून आम्ही बारा वर्षांचे असताना थरारलो होतो. आज थरारत नाही, नुसते वाईट वाटते.

युद्धबंदीविषयीही एवढे सांगितले पाहिजे की ती सर्व ग्रीसमधली युद्धे थांबवीत नसे, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट निर्वेध राखी, आणि तेवढेही पुष्कळ होते. ३६४ मध्ये खुद्द पवित्र आवारात, पंचक्रीडा चालू असता, लढाई झाली. उन्हाळा कडक, पाण्याचे हाल, माश्या इतक्या की माश्या निवारणाऱ्या झेउसला निराळा बळी द्यावा लागे. तरी चाळीस हजारांवर माणूस गवताच्या उतारावर बसून खेळ पाहत असे. इसवी सन १५० च्या सुमारास हेरोडीस अॅटिकसने पाण्याची सोय केली, तोवर जवळजवळ हजार वर्षे लोक तहानलेलेच येत राहिले.

शेवट कधी झाला? ३९३ मध्ये सम्राट थिओडोसिअसने खेळ बंद केले असे पाठ्यपुस्तकांत असते. १९९४ साली ऑलिंपियात एक ब्राँझचा पत्रा सापडला, त्यावरची शेवटची नावे अथेन्सच्या दोघा भावांची असून ती ३८१ आणि ३८५ ची आहेत. मग देवळे पडली आणि नद्यांच्या गाळाने सारे चार-पाच मीटर खोल पुरले गेले. जर्मन उत्खनन १८७५ मध्ये सुरू झाले तरी धावपट्टी पूर्ण मोकळी होऊन पूर्ववत व्हायला १९६१ उजाडले. म्हणजे आम्ही कृष्णेत रेघा ओढल्या त्याच्या अवघी तीन वर्षे आधी. आमची पट्टी जूनच्या पहिल्या पुरात गेली.

त्या मैदानाच्या वाटेवर, वेशीपाशी, झेउसच्या पुतळ्यांच्या बैठका ओळीने उभ्या आहेत. लबाडी करणाऱ्यांच्या दंडातून ते पुतळे केले जात. पहिले सहा, ३८८ मध्ये तिघा प्रतिस्पर्ध्यांना लाच देणाऱ्या एका मुष्टियोद्ध्याच्या प्रकरणातून. २००४ साली अथेन्सचे ऑलिंपिक झाले तेव्हा गोळाफेक मुद्दाम ऑलिंपियात ठेवली. गोळाफेक ग्रीकांची नव्हे, पण मैदान तेच, आणि आता तेथे स्त्रियाही उतरल्या. स्त्रियांत पहिली आलेली रशियन खेळाडू उत्तेजक औषध घेतल्याचे उघड होऊन बाद झाली आणि सुवर्णपदक क्युबाच्या कुंबाला गेले. पुरुषांतल्या विजेत्याचेही २०१२ साली तसेच झाले. हे आम्ही त्या मामेबहिणीला, आता तीही आजी झाली आहे, फोनवर सांगत होतो. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि दादा, तो आचाऱ्याचा मुलगा, त्याचे नाव काय होते रे?” आम्हांला सांगता आले नाही. आम्ही ते त्या वेळी विचारलेच नव्हते.